नाण्याएवढा सेल : निवड आणि दक्षता

केळशी हे दापोली तालुक्यातील सागरतीरावरचे गाव. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने तालुक्यात विजेचे असंख्य खांब पाडले आणि गावोगावचा वीजपुरवठा खंडित झाला. अशा किनाऱ्यावर शाळेत वा ग्रामपंचायतीत तापमान आणि आर्द्रता नोंदविणारा छोटा संवेदक बसवावयाचा, तर तो स्वतःच्या सेलवर चालला पाहिजे.

अशा संवेदकांत पुष्कळदा ‘सीआर २०३२’ हा सेल असतो. त्याचा व्यास २० मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट आणि क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. पुन्हा चार्ज होणारा ‘एलआयआर २०३२’ दिसावयास तसाच. परंतु त्याची क्षमता अवघी ४०च्या आसपास आणि पूर्ण चार्ज झाल्यावर दाब ४.२ व्होल्ट. ३.६ व्होल्टची मर्यादा असलेला संवेदक त्यामुळे निकामी होऊ शकतो. सरासरी १० मायक्रोअँपिअर वीज घेणारा संवेदक केवळ हिशेबाने पाहता पहिल्यावर अडीच वर्षे, तर दुसऱ्यावर साडेपाच महिने चालेल.

यास्तव लहान सौरपट्टी, योग्य चार्जिंग-मंडल आणि दाबनियंत्रक असेल, तेथेच पुन्हा चार्ज होणारा सेल घ्यावा. कोकणातील पावसाळ्याचे ढगाळ दिवसही हिशेबात धरावेत. एरवी साधा सेलच सोयीचा. तो मात्र कदापि चार्ज करू नये. फुटण्याचा धोका असतो. मुलाने कोणताही सेल गिळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. वापरलेले सेल घरच्या कचऱ्यात न टाकता संकलन केंद्राकडे द्यावेत.

आकार पाहून नव्हे, गरज पाहून सेल निवडला, तरच नोंदी अखंड राहतील.