दूध ओढताना दमणारं बाळ



व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकतो आहे: तान्ह्या बाळाला कुठं हार्ट अटॅक येतो का? येतो. फार क्वचित, पण येतो. मोठ्या माणसाच्या अटॅकमागे बहुधा रक्तवाहिनीत साचलेली चरबी असते. बाळाच्या बाबतीत तिचा काही संबंध नाही. कधी जन्मताना बाळ गुदमरतं आणि हृदयाच्या स्नायूला प्राणवायू कमी पडतो. कधी रक्ताची गुठळी अडकते. आणि कधी हृदयाला रक्त पुरवणारी डावी वाहिनीच भलत्या ठिकाणाहून निघालेली असते.

या शेवटच्या प्रकाराबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तो घरात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडतो. ही वाहिनी महारोहिणीतून निघायला हवी. सुमारे तीन लाखांत एका बाळात ती फुप्फुसाकडं जाणाऱ्या धमनीतून निघते. पोटात असताना दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा असतो, म्हणून काही बिघडत नाही. जन्मानंतर फुप्फुसं उघडतात, तिकडचा दाब काही आठवड्यांत उतरतो आणि या वाहिनीतलं रक्त उलटं वाहू लागतं. हृदयाचा स्नायू उपाशी पडतो. दीड-दोन महिन्यांचं बाळ भुकेनं छातीला लागतं, चार घोट घेतं आणि एकदम तोंड सोडून कळवळून रडतं. चेहरा पांढरा पडतो, कपाळावर घाम येतो. थोड्या वेळानं शांत होतं, पुन्हा ओढू लागतं, पुन्हा तेच. बोस्टनच्या ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड या डॉक्टरांनी 1933 साली अशाच बाळाचं वर्णन लिहून ठेवलं. जिना चढताना मोठ्या माणसाच्या छातीत कळ येते ना, तीच ही कळ. बाळाच्या आयुष्यात दूध ओढण्याइतकं कष्टाचं दुसरं काम नाही, म्हणून ती त्या वेळी येते.

आपल्या घरात अशा रडण्याला काय म्हणतात? पोटात गॅस झाला. दृष्ट लागली. मग ओव्याचा शेक, ग्राइप वॉटर, मीठ-मोहऱ्या. बहुतेक वेळा बाळाचं खरंच पोटच दुखत असतं, हेही सांगायला हवं. रडणाऱ्या प्रत्येक बाळाचा ईसीजी काढा असं मी म्हणत नाही. पण दर वेळी दूध पितानाच रडणं, दमणं, घाम फुटणं आणि वजन न वाढणं, या गोष्टी एकत्र दिसल्या तर दाखवायला उशीर करू नका. निदान वेळेत झालं तर शस्त्रक्रियेनं ती वाहिनी महारोहिणीला जोडता येते, आणि थकलेला स्नायूही बऱ्याच बाळांत आश्चर्य वाटावं इतका सावरतो.

घामाचं म्हणाल तर सोलापूरच्या एप्रिलमध्ये घाम कोणाला येत नाही? पण पहाटे, पंख्याखाली, अंगावर जाड कपडा नसताना फक्त दूध पिताना बाळाचं कपाळ ओलं होत असेल तर तो उन्हाळ्याचा घाम नव्हे.

हे सगळ्यांत आधी कोणाला दिसू शकतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बाळाला न्हाऊ घालायला येते ना, त्या बाईला. सव्वा महिना ती रोज बाळाला उघडं करून पायावर घेते. बरगड्यांच्या खाली खड्डा पडतो का, श्वास भराभर चालतो का, ओठ निळसर दिसतात का, हे तिच्याइतकं नीट डॉक्टरही पाहत नाही. शांत झोपलेल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठाच्या वर जात असेल तर ती धोक्याची खूण आहे. आशाताईंना हे शिकवलेलं असतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी यायचं असतं. न्हाऊ घालणाऱ्या मावशींना मात्र कोणी शिकवत नाही. त्यांना शिकवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी. सासर मोहोळचं आणि माहेर करमाळ्याचं असेल, तर बाळ नेमकं कोणत्या आशाताईच्या वहीत आहे याची चौकशी घरच्यांनीच करावी.

आता ठोक्यांकडं येतो. नवजात बाळाचं हृदय मिनिटाला साधारण 120 ते 160 वेळा धडधडतं. काही बाळांत हृदयातल्या विजेला जादा वाट सापडते आणि ठोके 220 च्या पुढं, कधी 300 पर्यंत जातात. बाळ किरकिरं होतं, दूध सोडतं, निस्तेज दिसतं. एक-दोन दिवस असंच गेलं तर हृदय थकतं. असं बाळ दवाखान्यात आलं की आम्ही डॉक्टर ठेचलेला बर्फ पिशवीत घालून काही सेकंद त्याच्या कपाळावर आणि नाकावर धरतो, नाक-तोंड न दाबता. गार लागताच मज्जातंतूंमार्फत हृदयाला लगाम बसतो. पडद्यावर 260 चा आकडा असतो, पट्टी क्षणभर सरळ होते, आणि मग 150. तेवढ्यानं भागलं नाही तर ॲडेनोसिन नावाचं इंजेक्शन असतं. हा बर्फाचा उपाय घरी करायचा नाही. तो मॉनिटर लावून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा असतो.

याच्या उलट काही बाळांचे ठोके पोटातच 50-60 वर येतात. आईच्या रक्तातली काही प्रतिद्रव्यं वारेतून बाळाकडं जातात आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाणारी विजेची वाट बंद पाडतात. अनेकदा आईला स्वतःला काहीच त्रास नसतो. बाळामुळं तिचा आजार उघडकीला येतो. ठोके फारच कमी असतील तर पेसमेकर बसवावा लागतो. इथं घरातल्या वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगतो: ग्रहणात तिनं भाजी चिरली, जड उचललं, नको ते खाल्लं, असलं काही बोलू नका. तिच्या हातून काहीही चुकलेलं नाही. पुढच्या खेपेला मात्र तिची रक्ततपासणी आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात पोटातल्या बाळाच्या हृदयाची तपासणी चुकवू नका. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधानं पुन्हा तसं होण्याची शक्यता कमी करता येते.

दवाखान्यातून घरी निघण्यापूर्वी एक गोष्ट मागून घ्या. जन्मानंतर 24 तास उलटले की बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावून पाहतात. प्राणवायू दोन्हीकडं 95 टक्के किंवा त्याहून जास्त आणि फरक तीनपेक्षा जास्त नसावा. करोनात आपण घेतलेली बोटाची क्लिप बाळाला चालत नाही, त्याला वेगळी पट्टी लागते. ठोक्यांचे आजार किंवा ती चुकलेली वाहिनी या तपासणीत सापडत नाही, पण हृदयाचे कितीतरी गंभीर जन्मजात दोष सापडतात. पालघरला फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाचा समावेश आहे, तेव्हा पैशाच्या धास्तीनं बाळाला घरी ठेवू नका. आपल्या सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या अंगणवाडीत चौकशी करा.

ठोके धावणाऱ्या बाळांचं पुढं काय, असं आया विचारतात. पुष्कळ बाळांचा त्रास वर्षभरात आपोआप थांबतो. तोवर औषध रोज, ठरल्या वेळी द्यायचं. बाळ खेळायला लागलं म्हणून मनानं बंद करायचं नाही. वजन वाढतं तसा डोस बदलावा लागतो. म्हणून तपासणीला येताना औषधाची बाटली आणि मोजायची सिरिंज दोन्ही बरोबर आणा.