पाळलेल्या उंदराचे दुखणे कसे ओळखावे?



डोंगर पोखरून उंदीर निघाला की आपण निराश होतो. आज आम्ही डोंगराच्या वाटेला न जाता सरळ उंदराकडेच वळणार आहोत. गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदराला आपण नमस्कार करतो आणि कणगीशी दिसलेल्या उंदरासाठी सापळा लावतो. या दोघांखेरीज तिसराही एक उंदीर आहे : हौसेने पाळलेला, माणसाच्या खांद्यावर बसून हातातला दाणा खाणारा. इंग्लंडात १९०१ साली त्याला प्रदर्शनात मानाची जागा मिळाली. आपल्याकडेही शहरांतून काही घरांत तो पिंजऱ्यात नांदतो आहे. तो आजारी पडला तर ओळखावे कसे, एवढाच आजचा विषय.

विषय क्षुल्लक वाटेल. पण उंदराच्या आजाराचा अर्थ आपल्या वाडवडिलांना चांगलाच ठाऊक होता. १८९६ साली मुंबईत व त्यामागोमाग पुण्यात प्लेग आला. त्या साथींच्या काळात ‘उंदीर पडू लागले’ हे शब्द कानी आले की माणसे घरे सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात. परंतु उंदीर पडणे ही खूण शेवटची झाली. पाळलेल्या उंदराच्या बाबतीत आपल्याला त्याआधीच्या खुणा वाचायच्या आहेत.

त्या वाचणे कठीण का? उंदीर हे मांजर, साप, घुबड या साऱ्यांचे भक्ष्य. जो लंगडतो तो आधी उचलला जातो. म्हणून दुखणे लपवणे हा त्याचा स्वभावच बनला आहे. बरे, तो ओरडतो तेही आपल्याला बहुधा ऐकू येत नाही. माणसाच्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांची. भ्यालेल्या, त्रासलेल्या उंदराची हाक बावीस हजारांच्या आसपासची. तेव्हा कानाचे काम डोळ्यांनी केले पाहिजे.

पहिली खूण लाल अश्रूंची. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते. तिच्या स्रावात पॉर्फिरिन नावाचे तांबडे द्रव्य असते. निरोगी उंदीर दिवसातून अनेकदा तोंड धुतो, त्यामुळे ते दिसत नाही. ताण किंवा आजार आला की स्राव वाढतो आणि धुणे थांबते. मग डोळ्यांभोवती, नाकाशी लाली साचते. घरची माणसे रक्त समजून घाबरतात. ते रक्त नव्हे. झोपेतून उठल्यावर किंचित दिसली तर चिंता नको. पण रोज दिसू लागली तर कारण शोधलेच पाहिजे.

दुसरी खूण श्वासाची. मायकोप्लाझ्मा नावाचे जंतू बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वासमार्गात दबा धरून असतात. गर्दी, अस्वच्छता, ताण यांनी त्यांचे फावते. ओल्या बिछान्यातल्या मुतापासून अमोनिया वायू सुटतो, तोही छातीला बाधतो. वारंवार शिंका, छातीत घरघर, श्वासागणिक आत-बाहेर होणाऱ्या कुशी ही उतरती पायरी. उंदीर नाकानेच श्वास घेतो. तो तोंड उघडून धापा टाकू लागला तर क्षणाचाही विलंब करू नये.

तिसरी खूण चेहऱ्याची. कॅनडात माँट्रियल शहरी मॅकगिल विद्यापीठ आहे. तिथे हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम अशा नाना त्रासांत ठेवून पाहिले. त्रास कोणताही असो, परिणाम तोच : मूत्रपिंडावरच्या ग्रंथी फुगलेल्या, जठरात व्रण. ज्याला आपण आज ‘ताण’ म्हणतो त्याची ओळख शास्त्राला अशी उंदरांकडून झाली. त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली उंदराच्या वेदनेची मोजपट्टी प्रसिद्ध केली. डोळे बारीक होणे, नाक व गाल सपाट दिसणे, कान मुडपणे, मिशा ताठ होणे, या चार गोष्टी त्यांनी सांगितल्या. पाठीला कुबड आणि पिंजारलेले केस यांचीही त्यात भर घालावी.

याशिवाय काही ठळक गोष्टी आहेत. मादीच्या अंगावर गळ्यापासून जांघेपर्यंत कुठेही गाठ येऊ शकते. पुष्कळदा ती साधी असते आणि लहान असतानाच काढणे सोपे. मान एका बाजूला कलली तर कानात दुखणे असण्याचा संभव. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात. खाणे टाकले तर तेही पाहावेत. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, उष्णता शेपटीवाटे बाहेर पडते. या उन्हाळ्याच्या दिवसांत तो लाळ गाळत निपचित पडला तर सावलीत न्यावा, शेपटी व पाय साध्या पाण्याने ओले करावे आणि डॉक्टर गाठावा.

उपाय खर्चाचे नाहीत. उंदीर एकटा ठेवू नये. एकटेपण हाही त्याला ताणच. बिछाना कोरडा ठेवावा. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत मांडावे. अंगावरचे केस जे झाकतात ते काटा सांगतो. उंदीर तपासणारा पशुवैद्य आधीच विचारून ठेवावा. माणसांचे औषध अंदाजाने देऊ नये. आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

शेवटी एक हिशेब मांडतो. उंदराचे आयुष्य साधारण अडीच वर्षांचे, म्हणजे नऊशे दिवसांचे. माणसाची पंचाहत्तर वर्षे म्हणजे नऊशे महिने. त्याचा एक दिवस तो आपला एक महिना. आपण सहज म्हणतो, ‘उद्या बघू.’ त्याच्या लेखी ते ‘पुढच्या महिन्यात बघू’ असते. आणि श्रोतेहो, दुखणे लपवणारे फक्त पिंजऱ्यातच असतात असे नाही. ‘मला काय धाड भरली आहे?’ असे म्हणत पदराने कपाळ पुसणारी म्हातारी आपल्या घरोघरी आहे. तिचे ताट आज का उरले, हे ज्याला दिसते त्याला उंदराचे दुखणेही दिसेल. न बोलणाऱ्याकडे रोज दोन घटका पाहण्याची सवय लागावी, इतकीच आमची विनंती.