वॉकीटॉकी : बोलण्याआधी आणि बोलून झाल्यावर

(2025 च्या उत्सवाच्या पूर्वतयारीसाठी भरलेल्या कार्यकर्त्यांच्या सभेतील भाषण)



आपल्या मंडळात व्याख्यान म्हटलं की कुणी ज्ञानेश्वरीवर बोलतं, कुणी मधुमेहावर. सेक्रेटरींनी मला विषय दिला वॉकीटॉकीचा. घरी सांगितलं तर सौ. म्हणाली, "यावर तुम्ही घरीही बोलता, कुणी ऐकत नाही. तिथे निदान माईक तरी असेल."

मी डिप्लोमा केलेला माणूस. 2004 साली रेल्वेच्या टेलिकॉम शाखेत लागलो आणि बदली होऊन जबलपुरात आलो तो इथलाच झालो. नोकरीतली बरीच वर्षं गार्ड, लोको पायलट आणि स्टेशन मास्तर यांचे बिघडलेले सेट उघडण्यात गेली. 2022 पासून गार्डना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या तोंडात जुनाच शब्द बसलाय. एवढे सेट उघडल्यावर सांगतो, की बिघडला म्हणून आलेल्या सेटमध्ये पुष्कळदा सेटचा काहीच दोष नसतो. दोष बॅटरीचा, नाहीतर ती चार्जिंगला लावणाऱ्याचा. आणि हे मला पुरतं कळलं ते डेपोत नाही, आपल्याच मांडवात.

2023 च्या उत्सवातली गोष्ट इथल्या काहींना माहीत आहे, पण पूर्ण कुणालाच माहीत नाही, कारण त्यातला माझा वाटा मी सांगितला नव्हता. आज सांगतो.

त्या वर्षी आपण सहा सेट भाड्याने आणले होते. दोन जुने, चार नवे. चार्जरही तसेच मिसळून आलेले. विसर्जनाच्या आदल्या रात्री अकरा-साडेअकराला एक कार्यकर्ता माझ्याकडे आला. "काका, नव्या सेटचा एक चार्जर चालत नाही, जुन्याचा लावू का? बॅटरी बसते त्यात." मी बॅटरी हातात घेऊन लेबल वाचलं. तिच्यावर 7.4 व्होल्ट, जुन्या बॅटरीवर 7.2. मी जेवायला बसलो होतो. म्हटलं, "लाव, 0.2 चा फरक आहे, काही होत नाही."

हे वाक्य डेपोत कुणी नवीन मुलाने उच्चारलं असतं तर मी त्याला तासभर उभं करून शिकवलं असतं.

ते 0.2 म्हणजे काय, ते समजून घ्या. जुनी 7.2 ची बॅटरी निकेल-कॅडमियमची, आत 1.2 व्होल्टचे सहा सेल. नवी 7.4 ची लिथियम-आयनची, आत 3.7 चे दोनच सेल. आकडे शेजारी दिसले तरी जात वेगळी. लिथियमचा सेल 4.2 व्होल्टपर्यंत भरायचा आणि तिथे थांबायचं. दोन सेल म्हणजे 8.4. तिचा चार्जर ही मर्यादा पाळून आपोआप करंट कमी करत नेतो. निकेलच्या चार्जरला ही मर्यादा माहीतच नसते. तो सेल तापायची किंवा व्होल्टेज जरासं उतरायची वाट बघत करंट ढकलत राहतो. चांगल्या कंपनीच्या लिथियम बॅटरीत रक्षणासाठी छोटं सर्किट असतं आणि ते बहुधा वाचवतं. नकली बॅटरीत ते असेलच असं नाही. भाड्याच्या बॅटरीत काय आहे, हे मी उघडून बघितलं नव्हतं.

सगळे चार्जर स्टेजच्या मागे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, सतरंजीवर, पडद्याच्या कापडाला लागून ठेवले होते. पहाटे दुर्वांच्या जुड्या करायला आलेल्या एका आजींना जळका वास आला. त्यांनी आरडाओरडा न करता आधी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मग हाका मारल्या. बॅटरी फुगून फाटली होती, चार्जरचं प्लास्टिक वितळलं होतं आणि सतरंजीला हातभर भोक पडलं होतं. पडदा दोन वितींवर होता. पडद्याच्या पलीकडे चार मुलं झोपली होती. त्यातला एक माझा मुलगा.

पण तेवढ्यावर संपलं नाही. बोर्ड पहाटेच बंद झालेला, गडबडीत तो पुन्हा कुणी चालू केला नाही. उरलेल्या पाच सेटपैकी तीन अर्धवट चार्ज होते. दुपारी मिरवणुकीत ते घेऊन गेलो, सुरुवातीला मुलांनी त्यावर पोहे कुठे पोहोचले आणि कोण नाचतंय याच्या गप्पा मारल्या, आणि पाचच्या सुमारास मागच्या टोकाचा सेट मेला. त्याच वेळी एक चार वर्षांची मुलगी आईचा हात सुटून मागे राहिली. मागच्या कार्यकर्त्याला ती दोन मिनिटांत सापडली. त्याने तिला कडेवर घेतलं आणि बटण दाबून दाबून बोलत राहिला. पुढे कुणाला काही ऐकू आलं नाही. ढोलांच्या आवाजात मोबाइलची रिंग कुणाला ऐकू येणार? आई पुढच्या बाजूला शोधत घाटाच्या दिशेने पळाली. माय-लेकींची भेट व्हायला पंचवीस मिनिटं लागली. मुलगी पूर्ण वेळ सुरक्षित होती, हे आईला मात्र माहीत नव्हतं. त्या माऊलीचा चेहरा मी पाहिला आहे.

म्हणून आज मी बोलायचं कसं यापेक्षा चार्जिंगवर जास्त बोलणार आहे. कंटाळा आला तर चहा बाहेर ठेवला आहे.

चार्जिंग कुठे करायचं ते आधी. स्टेजमागे नाही, मांडवात नाही. या वर्षी समाजमंदिराच्या ऑफिसातलं कडप्प्याचं टेबल त्यासाठी रिकामं ठेवलं आहे. खाली कापड नाही, वर कागद नाही, शेजारी कापूर, तेल, गॅसची शेगडी नाही. चार्जर एकमेकांना चिकटवून ठेवायचे नाहीत, कारण त्यांची उष्णता बाहेर जायला हवी. ज्या सेटचा चार्जर त्याचाच, आणि दोघांवर एकच नंबर रंगाने लिहिला आहे. नंबर जुळत नसेल तर बॅटरी बसत असली तरी लावायची नाही आणि मला फोन करायचा, मी जेवत असलो तरी.

सेट बंद करून चार्जिंगला ठेवा. चालू ठेवला तर आत करंट जातो आणि बाहेरही, मग बॅटरी भरली की नाही याचा अंदाज चार्जरला नीट येत नाही. सेट उन्हात तापला असेल, गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला असेल, तर आधी थंड होऊ द्या. 45 अंशांच्या वर लिथियमची बॅटरी चार्ज करणं तिच्या जिवावर बेततं. पावसात भिजला असेल तर बॅटरी काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. आणि गुलाल! गुलाल ही भक्तीची वस्तू आहे, पण बॅटरीच्या पितळी टोकांवर तिचा थर बसला की चार्जर आणि बॅटरीची गाठच पडत नाही.

यावरून डेपोतला एक किस्सा. एक गार्डसाहेब तक्रार घेऊन आले, की रात्रभर चार्जिंगला ठेवूनही सेट दोन तासांत बंद पडतो. बॅटरी तपासली, उत्तम. चार्जर तपासला, उत्तम. शेवटी त्यांच्यासमोर बॅटरी चार्जरमध्ये ठेवली तर दिवा लागेना. खाचेत बिस्किटाच्या पुड्याचा कागदाचा तुकडा अडकला होता. तो दिवा लागत नाही, हे आठ दिवस कुणी बघितलंच नव्हतं. तेव्हा बॅटरी ठेवली की निघून जायचं नाही. दिवा लागला का, ते बघूनच हलायचं. बहुतेक चार्जरवर लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे झालं.

सुटी बॅटरी खिशात टाकू नका. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी पँटच्या खिशात बॅटरी आणि किल्ल्यांचा जुडगा एकत्र होते. किल्ली दोन टोकांना आडवी लागली. प्लॅटफॉर्मवर मी जो नाच केला तो बघायला तुम्ही कुणी नव्हतात, हे बरं. मांडीवर डाग अजून आहे.

बॅटरी फुगलेली दिसली, कडक तापली, गोडसर रसायनासारखा वास आला तर तिचं आयुष्य संपलं. टोचायची नाही, दाबून बसवायची नाही, कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायची. धूर येऊ लागला तर आजींनी केलं तेच, आधी भिंतीवरचा पुरवठा बंद. मग माणसं बाहेर, कारण तो धूर विषारी असतो. बॅटरी हाताने उचलायची नाही. वीज बंद आहे याची खात्री झाल्यावर लांबून भरपूर पाणी ओतायचं, कारण मुख्य काम तिला थंड करण्याचं आहे. विझल्यासारखी दिसली तरी ती पुन्हा पेट घेऊ शकते, म्हणून लक्ष ठेवायचं.

आता बोलण्याबद्दल. बोलायचं बटण, ज्याला आम्ही पीटीटी म्हणतो, ते दाबल्यावर एक सेकंद थांबा आणि मग बोला. नाहीतर "थांबू नका" मधला "थांबू" कापला जाऊन पलीकडे फक्त "नका" पोहोचतं. सेट तोंडापासून दोन-तीन बोटं लांब, सरळ उभा. ढोल वाजतोय म्हणून ओरडू नका, ओरडल्याने आवाज फाटतो. अँटेनाला धरून सेट उचलू नका. अँटेना तुटली असेल तर बोलायचं बटण दाबूच नका. आतला भाग जळू शकतो आणि उघडी तार त्वचेला लागली तर चटका बसतो. सेटच्या माहितीपत्रकात असतं, की निम्म्यापेक्षा जास्त वेळ सतत बोलू नये. पेसमेकर बसवलेल्या काकांनी सेट छातीच्या खिशात ठेवायचा नाही, वीतभरापेक्षा लांब धरायचा, आणि त्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

बोलण्याचा बॅटरीशीही संबंध आहे. खोक्यावर दहा तास, बारा तास लिहिलेलं असतं. त्यामागचा हिशेब साधारणपणे असा असतो, की शंभरातली पाच मिनिटं बोलणं, पाच मिनिटं ऐकणं आणि नव्वद मिनिटं गप्प. बोलताना सेट गप्प असतानाच्या कितीतरी पट करंट खातो. आपल्या मंडळात नव्वद मिनिटं गप्प बसणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

रेल्वेतली एक सवय मात्र उचला. शंटिंग करताना मागच्या टोकाचा माणूस लोको पायलटला अंतर सांगत असतो. तो आवाज मध्येच बंद झाला तर लोको पायलट "सगळं ठीक असेल" असं समजत नाही, गाडी थांबवतो. मिरवणुकीतही दर दहा मिनिटांनी पुढच्याने मागच्याला हाक मारायची. उत्तर आलं नाही तर मिरवणूक जागेवर थांबवायची आणि एकाने चालत मागे जायचं. ढोल पथकाला राग आला तरी चालेल. 2023 साली हे केलं असतं तर पंचवीसची पाच मिनिटं झाली असती.

दरवर्षी कुणीतरी मला बाजूला घेऊन म्हणतं, "साहेब, डेपोतले चार सेट आणा ना दहा दिवसांसाठी." आणणार नाही. ते सरकारी सामान आहे हे एक. दुसरं, ते रेल्वेच्या फ्रिक्वेन्सीवर चालतात, आणि तुमचं "मोदक पाठवा" एखाद्या यार्डात इंजिन मागे घेणाऱ्याच्या कानात गेलं तर काय होईल, याचा विचार करा. भाड्याच्या त्या सेटचा परवाना होता का, हेही आपण तेव्हा विचारलं नव्हतं. आता मंडळाने स्वतःचे सेट घेतले आहेत ते 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले. या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या सेटना 2018 च्या नियमांनुसार परवाना लागत नाही, मात्र सेटला सरकारी मान्यता हवी. ऑनलाइन काहीही मिळतं, म्हणूनच 2025 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा कुणी पुतण्याने स्वस्तात मागवलेला सेट मिरवणुकीत आणू नये.

राहिला उत्सवानंतरचा प्रश्न. आपली पद्धत अशी, की विसर्जन झालं की सगळं ट्रंकेत, ते थेट पुढच्या श्रावणात बाहेर. लिथियमची बॅटरी पूर्ण भरून ठेवली तर लवकर म्हातारी होते, आणि रिकामी ठेवली तर कायमची झोपते. अशी झोपलेली बॅटरी बाजारात दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून "जिवंत" करून देतात, ती घेऊ नका, आत काय बिघडलंय ते दिसत नाही. निम्मी चार्ज करून, सेटमधून काढून, थंड जागी ठेवायची. मधून बघायची कधी? संक्रांतीला, अक्षय तृतीयेला आणि आषाढी एकादशीला. या तीन दिवशी मी स्वतः येऊन बघेन, किल्ली फक्त कुणीतरी जागेवर ठेवा.

मागे टेबलावर दोन सेट, एक चार्जर आणि 2023 ची ती वितळलेली बॅटरी मांडली आहे. सेट हाताळून बघा. आरतीला अजून वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात प्रत्येकाने एकदा बॅटरी काढून, पुसून, नंबर जुळवून चार्जरमध्ये लावायची आहे. दिवा लागल्याचं मला दाखवून मग आरतीला उभं राहायचं.