मडकें वाजवून घेतां, मग शब्द कां नाहीं?

(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



आज आम्हांस तत्त्वज्ञानावर चार शब्द बोलावयाचे आहेत. हें नांव ऐकतांच कित्येकांच्या कपाळास आठ्या पडल्या असतील. हा विषय पोट भरलेल्या लोकांचा. नांगर धरणाऱ्यास व ऐरणीवर घाव घालणाऱ्यास त्याचें काय, असेंही मनांत आलें असेल. विचार दुसऱ्यांनीं करावा आणि आपण राबावें, हेंच आपल्या वाडवडिलांस ऐकविलें गेलें. पण तें खोटें आहे. आणि कसें, तें आम्ही तुमच्याच घरांतल्या गोष्टींवरून दाखवितों.

कुंभाराकडून मडकें घेतांना घरची बाई काय करते? टिचकी मारून तें वाजवून पाहते. आवाज बद्द आला कीं मडकें परत. पेरणीपूर्वीं जाणता शेतकरी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत ठेवितो, किती उगवले तें पाहतो, आणि मगच बियाणें किती लागेल तें ठरवितो. सोनार कसोटीवर घांसल्यावांचून सोन्यास सोनें म्हणत नाहीं. परंतु अब्रू, रीत, नशीब, शुभ, अशुभ असा एखादा शब्द कोणीं हातीं दिला, कीं तीच माणसें तो न वाजवितां घरांत घेतात. मोबाईलवर दहा जणांनीं पुढें धाडलेला निरोपही तसाच घेतात. मडकें फुटकें निघालें तर पाणी सांडतें. शब्द फुटका निघाला तर शेत जातें.

शब्द वाजवून पाहणें, हेंच तत्त्वज्ञानाचें पहिलें काम. हें काम ज्यानें जगांत गाजविलें तो सॉक्रेटिस ग्रीस देशांतील अथेन्स शहरचा. बाप पाथरवट, आई सुईण. त्यानें एकही ग्रंथ लिहिला नाहीं. बाजारांत उभा राहून तो भेटेल त्यास विचारी कीं, बाबा, तूं शौर्य शौर्य म्हणतोस तें काय? न्याय म्हणजे काय? आपण आईचाच धंदा करितों, लोकांच्या मनांतला विचार बाहेर येण्यास मदत करितों, असें तो म्हणे. तें त्याचा शिष्य प्लेटो यानें लिहून ठेविलें आहे. कारागिरांविषयींचा त्याचा अनुभवही ऐकण्याजोगा आहे. त्यांस आपापल्या कामाचें ज्ञान खरोखरच होतें. पण एक काम उत्तम येतें, म्हणून मोठमोठ्या गोष्टींतही आपणच शहाणे, असें ते समजत. ही कानउघाडणी आपणही ऐकून ठेवावी. शहराचे देव मानीत नाहीं आणि तरुणांस बिघडवितो, असा आरोप ठेवून इसवी सनापूर्वीं 399 सालीं त्यास विष पाजून मारण्यांत आलें. प्रश्नांचें भय कोणास वाटतें, तें यावरून ओळखावें.

पुढें त्याच अथेन्सांत क्लीन्थीस नांवाचा गरीब मनुष्य होऊन गेला. तो रात्रीं बागांना पाणी ओढून घाली आणि दिवसा गुरूजवळ शिके. अखेर त्याच गुरूच्या गादीवर तो बसला. रोमच्या राज्यांत एपिक्टेटस हा पायानें अधू असलेला गुलाम होता. पण त्याची शिकवण पुढें खुद्द बादशहा मार्कस ऑरेलियस यानें शिरोधार्य मानिली. तेव्हां बंधूंनो, विचार ही कोणाची मिरासदारी नव्हे.

आतां हें घरांत कसें वापरावें? मुलीचें लग्न निघालें आहे. बाप म्हणतो, अब्रूसाठीं सावकाराकडून कर्ज काढीन. त्यास घरच्यांनींच विचारावें, "अब्रू म्हणजे काय?" तो म्हणेल, "मोठा मांडव, हजार पानें." "मग लोकांचें देणें बुडविणाऱ्यानें मोठा मांडव घातला, तर त्याची अब्रू आपल्यापेक्षां मोठी काय?" "छे, तें कसें?" "आणि ज्यानें घरापुढें चार माणसांत लग्न लाविलें, पण कोणाचा पैसा ठेविला नाहीं, तो बेअब्रू काय?" "तेंही नव्हे." "तर मग अब्रू मांडवांत नाहीं. आणि जी मांडवांत नाहीं, तिच्यासाठीं मांडवापायीं कर्ज कां?" एवढ्या चार प्रश्नांस पैसा लागत नाहीं, पण एवढ्यानें एखादें शेत वांचतें.

दुसरा शब्द नशीब. एपिक्टेटसची मुख्य शिकवण अशी कीं, आपल्या हातांतलें कोणतें आणि हाताबाहेरचें कोणतें, हें आधीं निवडावें. पाऊस हाताबाहेरचा, त्याबद्दल जीव जाळूं नये. पण बांध घालणें, पिकाचा विमा वेळेवर उतरविणें, कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वीं तो कागद वाचून घेणें, हें तर हातांत आहे! एकट्याच्या हातीं बाजारभाव नाहीं, हें खरें. पण गांवानें एकत्र बसून माल केव्हां व कोठें न्यावा हें ठरविणें हातांत आहे. नशीब म्हणून आपण जें मोडीत टाकितों, त्यांतलें निम्मेंअधिक हातांतलें निघतें. निवड केल्यावांचून तें कळत नाहीं.

तिसरी गोष्ट रात्रीची. रोमचा सेनेका हा मोठा अधिकारी. पण तो रोज रात्रीं दिवा विझल्यावर स्वतःच्या सबंध दिवसाची झडती घेई. दुकानदार रोज रात्रीं हिशेब मांडतो. तसाच हा मनाचा हिशेब. आज कोणावर विनाकारण ओरडलों? घरच्या लक्ष्मीचें म्हणणें न ऐकतां कोणती गोष्ट ठरविली? ऐकीव गोष्ट खरी म्हणून कोणास सांगितली? दोन घटकाही लागत नाहींत. यास पोथी नको, मुहूर्त नको, मध्यस्थ नको.

शेवटीं एक विनंती, आणि ती विशेषतः आयाबहिणींस. पोर 'कां?' म्हणून विचारतें, तेव्हां आपण कामाच्या घाईंत त्याच्या पाठींत धपाटा घालतों. मुलीनें विचारलें तर दोन घालतों. तसें करूं नका. उत्तर येत असेल तर द्या. येत नसेल तर "मलाही ठाऊक नाहीं, आपण मिळून शोधूं" असें म्हणा. त्यांत आईबापांचा कमीपणा नाहीं. ज्या घरांत 'कां' म्हणण्याची मोकळीक आहे, त्या घरच्या लेकरास उद्यां सावकार, बुवा किंवा पुढारी सहजासहजीं फसवूं शकणार नाहीं.

आज घरीं गेल्यावर एकच शब्द निवडा आणि तो वाजवून पाहा. इतकें सांगून आम्ही आपली रजा घेतों.