उंदीर, वात आणि शिपाई

(सैन्यभरतीत निवड झालेल्या तरुणांच्या निरोप-समारंभात एका निवृत्त सेनाधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



येत्या काही दिवसांत हे तरुण निरनिराळ्या दिशांना पांगतील. कुणी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जाईल, कुणी सागरला महार रेजिमेंटच्या केंद्रात, कुणी खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, कुणी नाशिक रोडला तोफखान्याच्या केंद्रात. माझ्या आधीच्या वक्त्यांनी त्याग, शौर्य आणि बलिदान यांविषयी ओजस्वी शब्दांत सांगितले आहे. त्यात भर घालण्याची माझी योग्यता नाही आणि तशी आवश्यकताही नाही. मी आज उंदरांविषयी बोलणार आहे.

हसू नका. शिवछत्रपतींनी आपल्या लष्कराला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. राज्याभिषेकाच्या थोडे आधीचे, १६७३-७४ च्या सुमाराचे. चिपळूणजवळ घोडदळाची छावणी पडली होती आणि पावसाळा तोंडावर होता. महाराजांनी जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना काय लिहावे? मोहिमेचा बेत नाही, शत्रूची बातमी नाही. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणे आणि वैरण आताच वाटेल तशी उधळू नका. पुढे ती संपली की घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे ते बजावतात. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल, कुणी दाणे उचलील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी. असे झाले तर उरलासुरला कुणबी घरदार सोडून निघून जाईल आणि त्याला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्या पत्राचा आशय आहे. त्याच पत्रात पुढे ते चुलीतल्या विस्तवाविषयी, गवताच्या गंजीजवळ तंबाखू ओढणाऱ्यांविषयी आणि रात्री जळत ठेवलेल्या दिव्याविषयी लिहितात. उंदीर पेटती वात तोंडात धरून गवतात नेईल आणि सगळी छावणी जळेल, म्हणून निजताना दिवा विझवा!

मित्रांनो, ज्या राजाने स्वराज्य उभे केले, त्याला उंदराने पळवलेल्या वातीची काळजी होती. मला तर या पत्रात संपूर्ण लष्करी शिक्षण सामावलेले दिसते. तुम्हाला पहिले काही महिने जे शिकवले जाणार आहे, ते याच जातीचे आहे. पहाटे उठणे, अंथरुणाची घडी ठरलेल्या मापाची करणे, बुटाचे टोक चमकवणे, पेटीतील प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागी ठेवणे, 'फॉलिन'ची शिट्टी वाजताच धावत रांगेत उभे राहणे. तुमच्यापैकी हुशार मुलांना हे सर्व निरर्थक वाटेल. 'देशासाठी लढायला आलो आणि हे आमच्याकडून पलंगाच्या चादरी ताणून घेत आहेत', असे मनात येईल. येऊ द्या. परंतु चादर ताणत राहा. ज्या जवानाला अंधारात आपल्या पेटीतील सुई हाताने सापडते, त्यालाच अंधारात आपल्या रायफलीचे मॅगझिन सापडते.

उस्ताद तुम्हाला रगडा देतील. तो तुमच्या व्यक्तिगत अपमानासाठी नसतो, एवढे पहिल्या दिवशीच समजून घ्या. एकाने चूक करावी आणि सर्व प्लाटूनने मैदानाला फेऱ्या माराव्यात, हे न्यायालयीन न्यायाच्या दृष्टीने चुकीचे आहे. परंतु सीमेवर एकाच्या चुकीची किंमत सर्वांनाच मोजावी लागते आणि तेथे अपील नसते.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगतो, कारण आपली मराठी मुले येथे हमखास फसतात. दुखणे लपवू नका. धावून धावून नडगी दुखू लागते. मुलगा समजतो, सांगितले तर आपण कच्चे ठरू, मागच्या तुकडीत टाकले जाऊ. तो दात आवळून धावतो. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेलेला असतो, तो वाढतो, आणि वेळीच घेतलेल्या विश्रांतीने भागले असते तेथे महिने रुग्णालयात जातात. पायाला फोड आला, ताप आला, छातीत कळ आली, तर सरळ एमआय रूममध्ये जाऊन डॉक्टरांना दाखवा. मोजे रोज धुवा, ओले मोजे घालून झोपू नका. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. पायदळाचा शिपाई पायांवर चालतो, या साध्या वाक्याचा अर्थ वीस किलोमीटरच्या पहिल्या कूचीनंतर कळेल.

आता शौर्याकडे वळतो. तेही मी टाळणार नाही. नामदेव जाधव हे नाव तुम्हाला बेळगावला ऐकायला मिळेल. मराठा पलटणीतील हा शिपाई ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर होता. त्याचे काम कोणते? कंपनीचा 'रनर', म्हणजे निरोप पोहोचवणारा. नदी ओलांडताना त्याचे कंपनी कमांडर आणि आणखी दोघे घायाळ झाले. जाधवांनी आधी एकाला पाठीवर घेतले. खोल पाणी, निसरडा चढ आणि सुरुंगांचा पट्टा पार करून त्याला सुरक्षित ठेवले. मग परत जाऊन दुसऱ्याला आणले. त्यानंतर त्यांनी शत्रूच्या मशीनगनची ठाणी एकामागून एक बंद पाडली. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब वापरले आणि शेवटी बांधावर उभे राहून शिवछत्रपतींच्या नावाचा जयघोष करीत सोबत्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पराक्रमाचा क्रम ध्यानात घ्या. आधी घायाळ सोबती, मग शत्रू.

दुसरे उदाहरण रामा राघोबा राणे यांचे. मूळचे कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रणगाड्यांपुढचा रस्ता सुरुंगांनी आणि पाडलेल्या झाडांनी अडवला होता. राणे स्वतः घायाळ झाले होते, तरीही दिवसरात्र रस्ता मोकळा करीत राहिले. एके ठिकाणी वरून गोळीबार चालू असल्याने त्यांनी रणगाड्याच्या पोटाखाली शिरून, त्याच्या बरोबरीने सरपटत सुरुंग काढले. चालकाला थांबण्याची आणि चालण्याची खूण करण्यासाठी दोन दोर हातात धरले होते. त्यांना परमवीरचक्र मिळाले. ज्यांची निवड तांत्रिक शाखेत, कारकुनीत किंवा भांडारात झाली आहे आणि म्हणून जे आज थोडे खट्टू दिसतात, त्यांनी राणे यांचे स्मरण करावे. ते दोन दोर कुणाच्याही आरोळीपेक्षा कमी मोलाचे नव्हते.

पलटणीत तुमच्या शेजारच्या खाटेवर कोण असेल, हे तुमच्या हाती नाही. मराठा पलटणीत बहुतेक आपलेच असतील, परंतु तोफखान्यात, सिग्नल्समध्ये किंवा सॅपर्समध्ये तमिळ, शीख, गढवाली, नागा, केरळचा ख्रिस्ती, राजस्थानचा कायमखानी मुसलमान असे सगळे भेटतील. गावाकडची जात, आडनावावरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड, हे सर्व येथेच स्टेशनवर ठेवून जा. सेनेत एक सुंदर रीत आहे. अनेक ठिकाणी मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि चर्च एकाच छताखाली असतात, त्याला सर्वधर्मस्थळ म्हणतात, आणि अधिकारी आपला धर्म कोणताही असो, आपल्या जवानांच्या पूजेला त्यांच्यासोबत उभा राहतो. जो उद्या तुम्हाला पाठीवर घेऊन नदी पार करणार आहे, त्याचे नाव आज नीट उच्चारायला शिका. हिंदी सुधारा. शक्य झाल्यास सोबत्याच्या भाषेतील चार वाक्ये शिका.

आणि पत्रातला तो कुणबी विसरू नका. तुमची नेमणूक काश्मीरमध्ये किंवा ईशान्येकडील एखाद्या राज्यात होईल. तेथील म्हातारी तुमच्याकडे संशयाने पाहील, मुले दार लावून घेतील. घरझडतीच्या वेळी तिच्या कणगीला तुमचा बूट लागता कामा नये. तिची कोंबडी, तिची लाकडे, तिच्या झाडाचे अक्रोड तुमचे नाहीत. ती याच देशाची नागरिक आहे आणि तिच्या रक्षणासाठीच तुम्हाला तेथे धाडलेले आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराजांनी जी भीती व्यक्त केली, ती प्रत्येक सैन्याला प्रत्येक काळात लागू असते.

आता थोडे व्यवहाराचे. अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. तिच्याविषयी मतभेद आहेत. माझ्या पिढीतील अनेक अधिकाऱ्यांना ती रुचलेली नाही, अनेकांना योग्य वाटते. तो वाद आजच्या व्यासपीठाचा नाही. तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे ते अटी नीट वाचणे. जाहीर झालेल्या अटींनुसार सेवा चार वर्षांची आहे आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांना कायम केले जाते. पहिल्या वर्षी मासिक वेतन तीस हजार. त्यातील तीस टक्के सेवानिधीत जातात, म्हणजे हाती एकवीस हजार येतात. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात, निवृत्तिवेतन नाही. म्हणजे येथे बसलेल्या दर चार जणांपैकी तिघे परत येण्याची शक्यता आहे. हे कटू असले तरी आजच बोललेले बरे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली मुलांसाठी. चौथ्या वर्षाची तयारी पहिल्या वर्षी सुरू करा. दहावीवर भरती झालेल्यास बारावीचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय मुक्त विद्यालयामार्फत आखली आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम ठेवला आहे, त्यात लष्करी प्रशिक्षणाचे गुण धरले जातात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत २०२२ मध्ये दहा टक्के आरक्षण जाहीर झाले होते, पण आरक्षण असले तरी पात्रता कमवावीच लागते. पहिल्या पगारावर मोटारसायकलचा हप्ता बांधून घेऊ नका. त्या अकरा लाखांवर घरातल्या कोणाचाही, अगदी बहिणीच्या लग्नाचाही, आधीपासून हक्क लिहून ठेवू नका.

दुसरी गोष्ट गावासाठी. चार वर्षांनी परत आलेला मुलगा 'काढून टाकलेला' नसतो. आज ज्याला तुम्ही फेटा बांधत आहात, तो परत आल्यावर पारावर त्याच्याकडे बोट दाखवून कुजबुज होणार असेल, तर आजचा फेटा खोटा आहे. तेवीस-चोवीस वर्षांचा, वेळ पाळणारा, व्यसनमुक्त, हातात थोडे भांडवल असलेला तरुण गावाला मिळणार आहे. त्याला काम देणारे कारखानदार, दुकानदार, सहकारी संस्थांचे संचालक याच सभागृहात बसले आहेत. टाळ्या वाजवल्यात, आता पुढचेही लक्षात ठेवा.

मोबाइलविषयी थोडक्यात. गणवेशातले छायाचित्र, पलटणीचे नाव, गाडी कोठून कोठे निघाली, हे काहीही समाजमाध्यमांवर टाकू नका. २०२० मध्ये सेनेने जवानांना ८९ अॅप्स मोबाइलमधून काढून टाकण्यास सांगितले, ते उगाच नव्हे. अनोळखी तरुणीने मैत्रीची विनंती पाठवली तर ती तुमच्या मिशांवर भाळली आहे, असे समजण्याचे कारण नाही. मातांनीही सांभाळावे. 'माझा सोन्या आज अमुक ठिकाणी पोहोचला' हे नातेवाइकांच्या गटावर लिहिले की ते फक्त नातेवाईकच वाचतात असे नाही.

मातापित्यांना आणखी एक सांगायचे आहे, आणि ते सांगताना मलाही जड जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील अग्निवीर अक्षय गवते यांना सियाचीन हिमनदीवर कर्तव्य बजावताना मृत्यू आला. सेवेला वर्षही पूर्ण झाले नव्हते. हे घडू शकते, हे समजूनच मुलाला पाठवा. मुलांनो, तुम्ही केंद्रात गेल्यावर वारसनोंदणीचा कागद पुढे येईल. अपशकुन म्हणून तो टाळू नका. आईचे किंवा वडिलांचे नाव आधार कार्डावर आहे तसेच, अक्षर न चुकवता लिहा. नावातल्या एका वेलांटीसाठी वर्षानुवर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणारी माणसे मी पाहिली आहेत.

घरचे भांडण फोनवरून सीमेवर पाठवू नका. बांधावरून भावकीशी कुरबुर झाली, तर रात्री पहाऱ्यावर उभ्या असलेल्या मुलाला ते ऐकवून काय साधणार? तो तेथून काही करू शकत नाही. नुसता झुरतो, आणि झुरणाऱ्या माणसाच्या हाती भरलेली बंदूक असते. त्यापेक्षा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. जमिनीचा वाद गंभीरच असेल, तर मुलाने आपल्या कमांडिंग ऑफिसरांना लेखी कळवावे. ते जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहितात आणि त्या पत्राची दखल घेतली जाते. आईने मात्र दर आठवड्याला बोलावे. गाय व्याली, पाऊस पडला, धाकट्याला गणितात किती गुण पडले, एवढेच सांगावे. तेथे रात्री त्याचीच भूक असते.

शेवटी सामानाचे. लोखंडी पेटी मोठी नको. एक चांगले कुलूप, दोन किल्ल्या. मूळ प्रमाणपत्रे आणि त्यांच्या साक्षांकित प्रती वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. सुई-दोरा, नखे कापण्याचे साधन, एक वही. लाडू न्या, पण सगळ्या बॅरकला पुरतील एवढे न्या.