तळ्यातली ऊर्जा फुकट मिळेल का?

मी रायपूरहून बोलतोय. इथं तेलीबांधा नावाचं तळं आहे. काठावर फिरायला छान रस्ता आहे, म्हणून सगळे त्याला 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. संध्याकाळी मी तिथं फिरायला जातो. बरोबर एक काका असतात, नुकतेच निवृत्त झालेले. मी फिजिक्स शिकवतो म्हणून ते मला 'सर' म्हणतात.

एक दिवस त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "सर, हे जरा बघता का? आठ लाख घालायचा विचार आहे."

कागदावर एका यंत्राची जाहिरात होती. हवेचे रेणू सतत हलत असतात, त्या हालचालीतून हे यंत्र वीज काढतं, इंधन लागत नाही. खाली लिहिलं होतं : आपल्या पेशींतली सूक्ष्म यंत्रं हेच करतात, मग आपण का नाही?

मी हसलो नाही. कारण त्यातलं अर्धं खरं होतं, आणि माणूस फसतो तो अशा अर्ध्या खऱ्यालाच.

आधी खरं काय ते सांगतो. समोरचं तळं शांत दिसतं, पण त्यातला पाण्याचा प्रत्येक रेणू सरासरी सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगानं इकडेतिकडे धडकत असतो. एक घनमीटर पाणी फक्त एक अंशानं थंड केलं, तर त्यातून निघणारी उष्णता एका युनिट विजेपेक्षा थोडी जास्तच भरते. म्हणजे तळ्यात ऊर्जा भरपूर आहे. ती वापरायला ऊर्जा-अक्षय्यतेचा, म्हणजे उष्मागतिकीचा पहिला नियम आडवा येत नाही. आडवा येतो दुसरा. तो म्हणतो, सगळीकडे तापमान सारखंच असेल, तर नुसत्या उष्णतेतून सतत काम काढता येणार नाही.

पेशींतली यंत्रंही खरी आहेत. कायनेसिन नावाचं प्रथिन दोन पायांनी चालतं, एका पावलाला ८ नॅनोमीटर. पाठीवर ओझं घेऊन ते पेशीतल्या नळ्यांवरून जातं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मोटारींचं बळ लेसरच्या चिमट्यानं मोजलं आहे. आणि हो, कायनेसिनचा मागचा पाय पुढे फेकला जातो त्यात आजूबाजूच्या रेणूंच्या आंधळ्या धक्क्यांचा मोठा वाटा असतो.

काका म्हणाले, "मग बरोबरच लिहिलंय की!"

त्यांच्या मनगटावर जुनं एचएमटी ऑटोमॅटिक होतं. मी म्हटलं, काका, या घड्याळाला तुम्ही चावी देता का? नाही. हात कसाही हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये पेडलचा जोर एकाच दिशेनं चाकाला पोचवणारा खटका असतो, तशीच एकाच दिशेनं पुढे जाऊ देणारी रचना आत असते. म्हणजे अस्ताव्यस्त हालचालीतून काम निघालं. मग हेच घड्याळ रेणूएवढं करून तळ्यात सोडलं तर?

हा प्रश्न १९१२ मध्ये स्मोलुचॉव्स्कीनं विचारला, आणि १९६०च्या दशकात फाइनमननं आपल्या व्याख्यानांतून गाजवला. उत्तर साधं आहे. चाक इतकं हलकं असेल की रेणूंच्या धक्क्यानं फिरावं, तर खटकाही तेवढाच नाजूक हवा. मग त्यालाही तेच धक्के बसतात. तो मधूनच उडतो, आणि चाक मागे सरकतं. जितकं पुढे, सरासरीनं तितकंच मागे. खटका थंड ठेवला तर चाक पुढे जाईल, पण मग तापमानात फरक आला. ते साधं उष्णतेचं इंजिनच झालं.

मग कायनेसिन पुढे कसं जातं? ते दर पावलाला एटीपीचा एक रेणू खर्च करतं. त्यातून मिळणारी ऊर्जा उष्णतेच्या एका सरासरी धक्क्याच्या वीसेक पट असते. धक्के फुकटचे, पण खटका लावायचे पैसे पडतात. एटीपी आणि तिचे तुकडे समतोलात आणून ठेवा, कायनेसिनची पावलं मागेपुढे सारखीच पडतील. एटीपी येते आपल्या जेवणातून. काकांचं घड्याळही त्यांच्या पोह्यांवरच चालतं. ड्रॉवरमध्ये ठेवलं की बंद.

नियम कधी मोडलेला दिसतो का? क्षणभर, हो. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात पाण्यातल्या एका सूक्ष्म मण्यावर प्रयोग झाला. फार तर दोनेक सेकंदांच्या अवधीत मधूनमधून हिशोब उलटा पडला. अनेकदा मोजून सरासरी काढली की नियम जागेवर. २०१६ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी जिवंत जिवाणूंनी भरलेल्या पाण्यात एक सूक्ष्म इंजिन चालवलं. साध्या पाण्यातल्या तशाच इंजिनाची जी कमाल कार्यक्षमता, तिच्याही पुढे ते गेलं. पण तिथं धक्के मारणारे जिवाणू होते, आणि जिवाणू खातात. त्यांचं खाणं हिशोबात धरा, मग नियम मोडलेला नाही.

मी काकांना म्हटलं, त्या माणसाला एवढंच विचारा : फरक कुठे आहे? गरम-थंड, वर-खाली, भरलेलं-रिकामं, काहीतरी सांग. आणि तो फरक संपला की पुन्हा कोण भरतं?

त्यांनी बाकावर बसूनच फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "ते सिक्रेट आहे." काकांनी फोन ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले, "सर, पंचवीस हजार आधीच दिलेत. घरी सांगितलं नाहीये."

ते पैसे परत आले नाहीत. आठ लाख वाचले. घरी त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला सोबत घेऊन गेले होते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?"

म्हणून आज सगळ्यांना सांगतोय. असा कागद तुमच्या हातात आला, तर सही करण्याआधी विचारा : फरक कुठे आहे, आणि बिल कोण भरतंय?