श्रद्धा जपू, द्वेष नको
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



धर्मामुळं माणूस कट्टर होतो का, असं बऱ्याच जणी विचारतात. वारीला जाऊन, रोजा धरून, विहारात वंदना करून कुणी कट्टर होत नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरातले. मराठीत 'योगसंग्राम' लिहिला आणि संत म्हणून मानले गेले. 'आपलेच खरे, बाकीचे वैरी' हे डोक्यात भरलं, की कट्टरपणा सुरू होतो.

मग बोलायचं कुठवर? हुंडा, तोंडी तलाक, विधवेला हळदीकुंकवाला न बोलावणं, अशा चालींवर जरूर टीका करा. तो आपला हक्क आहे. पण 'त्या लोकांकडून भाजी घेऊ नका, त्यांना गावातून हाकला' ही टीका नव्हे. धर्मावरून वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोबाईलवरचा मेसेजही त्यात आला.

2018 साली धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्यांची अफवा उठली आणि 5 निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. तिथं धर्माचा प्रश्नही नव्हता. धर्माचं नाव जोडलं तर काय होईल?

म्हणून असा मेसेज गटाच्या व्हॉट्सॲपवर आला तर पुढं पाठवू नका. टाकणाऱ्या ताईला बाजूला घेऊन समजवा. मारहाणीची भीती वाटली तर लगेच 112 ला फोन करा.

आपण एकमेकींच्या भरवशावर कर्ज घेतो. गावात फूट पडली, तर पहिला हप्ता आपल्याच गटाचा थकेल.